बिननाकाचं इंजिन

हुपरीला रेल्वे नाही. रौप्यनगरी म्हणून देशभर नाव झालेल्या या गावातून पैंजणांचे जोड दूरदूरच्या पेठांत गेले, पण रूळ काही गावाच्या शिवेपर्यंत आले नाहीत. त्यामुळे आज ज्या काळात तुम्हाला जायचं आहे तिथं पोचायला आधी एसटी धरावी लागेल. इचलकरंजीला उतरायचं, दुसरी गाडी पकडायची आणि हातकणंगले स्टेशन गाठायचं.

निघण्याआधी आबांचं ऐकून घ्या. ते माळ्यावरच्या कारखान्यात बसलेत, पुढ्यात कड्यांचा ढीग, हातात चिमटा. रेल्वेचा विषय निघाला की त्यांचा हात थांबतो.

"सकाळी पुण्याकडनं यायचं ते नाकाचं इंजिन. आन् सांजंला कोल्लापूरकडनं यायचं ते बिननाकाचं. लांबच्या लांब पेटी नुस्ती. डायवर कुठं बसलाय त्येच कळायचं न्हाई. दोन येगळी इंजिनं हुती ती. म्या डोळ्यानं बगितल्यात."

"कुठल्या साली, आबा?"

"साल कुठलं ध्यानात ऱ्हातंय? मोठी लाईन झालती. इंदिराबाई हुत्या."

जुन्या इंजिनांचा नाद लागलेली माणसं देशभर आहेत, जगभर आहेत, आणि त्यांच्या शोधाची सुरुवात बहुतेक वेळा अशाच एका वाक्यानं होते. आबांनी दिलेल्या दोन खुणा मोलाच्या आहेत. मोठी लाईन म्हणजे ब्रॉडगेज. मिरज–कोल्हापूर हा १८९१ साली सुरू झालेला मार्ग मीटरगेज होता, तो १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. म्हणजे आबांची आठवण त्याच्या आधीची असूच शकत नाही. इंदिराबाई पंतप्रधान होत्या, म्हणजे १९७७ पर्यंतचा काळ किंवा १९८० ते ८४. एवढ्यावर वर्ष निवडता येतं. तुम्ही १९८३ निवडता.

हातकणंगल्याच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. सकाळचं ऊन अजून तिरकं आहे, पलीकडे उसाचे फड आणि फलाटाच्या टोकाला इचलकरंजीच्या कापडाच्या गाठी रचलेल्या. वर तारा नाहीत. आकाश मोकळं आहे, आणि आजच्या माणसाला पहिल्यांदा तेच जाणवतं. जयसिंगपूरकडून काळ्या धुराचा एक लोट वर चढतो. मग आवाज येतो.

हा आवाज नीट ऐकून ठेवा, कारण पुढच्या सगळ्या ओळखींचा पाया तोच आहे. इंजिन फलाटाला लागून थांबतं आणि तरीही त्याचा ठोका एका लयीत पडत नाही. दोन जड, एक हलका, मध्येच एक गाळलेला, असा तो अडखळत चालतो. हे अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या २५१ जातीच्या डिझेल इंजिनाचं लक्षण. सोळा सिलिंडर, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले. गाडी सुटताना ड्रायव्हर नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवतो तेव्हा डिझेल लगेच जास्त जायला लागतं, पण हवा कोंबणारा टर्बोचार्जर वेग घ्यायला क्षणभर मागे राहतो. तेवढा वेळ हवा कमी आणि तेल जास्त, म्हणून तो काळाकुट्ट लोट. टर्बो फिरायला लागला की धूर पातळ होतो आणि आवाजात एक बारीक शीळ मिसळते. आबांना यातलं काही ठाऊक नाही, पण त्यांना धूर आठवतो आणि शीळही आठवते.

आता इंजिनाच्या अंगावरून नजर फिरवा. हुपरीचा कारागीर दुसऱ्या घरचा पैंजण हातात घेतला की आधी झाळ बघतो, मग कडीचा पीळ, मग घुंगराचं तोंड, आणि माल कोणत्या घरातून निघाला ते सांगून मोकळा होतो. इंजिनही असंच वाचायचं. रंगाला फसू नका. रंग शेडगणिक वेगळा असे आणि दर मोठ्या दुरुस्तीनंतर बदलूही शके. जुन्या इंजिनांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त घोळ रंगामुळे झाले आहेत, कारण माणसाला तोच सगळ्यांत आधी आठवतो. खाली बघा, चाकांकडे. एका बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, तीन आस आहेत, पण त्यांच्यामधली अंतरं सारखी नाहीत. दोन आस एकमेकांना जवळ, तिसरा जरा लांब. रेल्वेवाले तिला ट्रायमाउंट म्हणतात. रंग बदलतो, दिवे बदलतात, खिडक्यांना जाळ्या बसतात, बोगी मात्र सहसा तीच राहते.

मग नंबर. ड्रायव्हरच्या केबिनखाली पाच आकडे रंगवलेत आणि सुरुवातीला सतरा आहे. ही डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हीसाठी, आणि दोन हा त्या जातीचा क्रम. ताकद २६०० अश्वशक्ती, वजन ११३ टनांच्या आसपास. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून तयार होऊन आली, आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये ती बांधली जाऊ लागली. नंबर अठरा हजारांच्या घरात सुरू झाले, ते संपल्यावर सतरा, मग सोळा. म्हणजे पहिले दोन आकडे मोठे तर इंजिन जुनं आणि लहान तर नवं, हे उलटं गणित मनात पक्कं ठेवा. एक अपवादही ठेवा: १७००० ते १७०९९ हे शंभर नंबर डब्ल्यूडीएम-२ चे नाहीत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

नाक दिसलं का? केबिनच्या पुढे जो आखूड डबा आहे, ज्याला रेल्वेच्या भाषेत शॉर्ट हूड म्हणतात, तेच आबांचं नाक. ते पुढे आहे, केबिन त्याच्या लगेच मागे, आणि बाकीची सगळी यंत्रं मागच्या लांब पेटीत. गाडी सुटते, रुकडीकडे, पंचगंगेच्या पुलाकडे निघून जाते. नंबर वहीत लिहून घ्या. नुसता लक्षात ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्यातले दोन आकडे जागा बदलतील.

दुपार उलटून जाते. सावल्या लांब होतात तेव्हा कोल्हापूरकडून गाडी येते, आणि आबा म्हणाले तेच पुढे आहे. लांबच्या लांब पेटी, समोर दिवा, नाकाचा पत्ता नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाजवळ केबिन, आणि त्या केबिनच्या खिडकीतून अर्धं बाहेर आलेलं ड्रायव्हरचं डोकं. इंजिन तुमच्यासमोरून सरकतं. नंबर वाचा. सकाळचाच आहे.

कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. तिथं रूळ संपतात. आलेलं इंजिन सुटं होतं, बाजूच्या रुळावरून गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं आणि परत निघतं. त्याचं तोंड मात्र फिरवलं जात नाही. डिझेल दोन्ही दिशांना सारखंच धावतं, वाफेच्या इंजिनासारखं गोल फिरवण्याची गरज नाही. म्हणून येताना जे नाकानं आलं ते जाताना पाठमोरं जातं. हुपरीतून बाजाराला निघालेला पोरगा सकाळी एक बाजू बघतो, संध्याकाळी दुसरी, आणि चाळीस वर्षं दोन इंजिनं आठवत राहतो. आबांनी पाहिलं ते खरंच होतं. फक्त इंजिन एकच होतं.

लांब पेटी पुढे असताना ड्रायव्हरला समोरचा अर्धा रस्ता दिसत नसे. त्याच्या बाजूचा रूळ त्याला दिसे, पलीकडचा सिग्नल सहायकानं ओरडून सांगायचा. ही अडचण एवढी मोठी होती की याच जातीत एक वेगळा प्रकार निघाला. सतरा हजार सातशेच्या घरातल्या काही डब्ल्यूडीएम-२ इंजिनांना शॉर्ट हूड केबिनएवढ्या रुंदीचा आणि खिडक्या मोठ्या अशी बांधणी दिली गेली, म्हणजे आखूड बाजू पुढे ठेवून चालवताना तरी नजर मोकळी राहावी. जाणकार त्यांना जम्बो म्हणतात. मोजकीच झाली. कुणी तुम्हाला "मोठ्या काचांचं, रुंद तोंडाचं डिझेल" असं सांगितलं, तर हसून सोडून देऊ नका. पहिले तीन आकडे विचारा.

आता थोडं पुढे चला, १९९० कडे, आणि थोडं पूर्वेला, मिरजेला.

मिरज जंक्शन हे भारतातल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होतं, जिथं तीन मापांचे रूळ एकत्र येत. पुणे आणि कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. बेळगाव, लोंढा आणि पुढे गोव्याकडे मीटरगेज, १००० मिलिमीटर. पंढरपूर, कुर्डुवाडीकडे बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. बार्शी लाईट १८९७ मध्ये एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं सुरू केली आणि १९२७ मध्ये ती मिरजेला पोचली. तुम्ही पादचारी पुलावर उभे राहता आणि खाली तीन वेगवेगळ्या आकारांचे डबे दिसतात. एका मापाच्या वॅगनमधला माल दुसऱ्या मापाच्या वॅगनमध्ये भरायला हमाल लागत, कारण एका मापाचं चाक दुसऱ्या मापावर चढत नाही. याच कारणानं मिरज ही इंजिन ओळखणाऱ्यासाठी शाळा आहे. इथं रूळ ओळखला की अर्धं काम झालं.

मीटरगेजच्या फलाटावर जा. बेळगावकडची गाडी उभी आहे. पुढे कधी वायपी जातीचं वाफेचं इंजिन असतं, कधी डिझेल; आज डिझेल आहे. पहिल्या नजरेला तुम्हाला वाटतं, ही हातकणंगल्याचीच डब्ल्यूडीएम-२. तसाच आखूड हूड, तशीच लांब पेटी, एकच केबिन, अडखळता ठोकाही ओळखीचा. जवळ गेल्यावर फरक दिसू लागतो. सगळं आटोपशीर आहे. ठोक्यात वजन कमी आहे, कारण आत सोळा नव्हे, सहा सिलिंडर आहेत. नंबर पाच आकडी नाही, चार आकडी आहे, सहानं सुरू होणारा. आणि समोरचा बफर बघा. ब्रॉडगेजच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना दोन गोल बफर असतात. इथं मधोमध एकच आहे, त्याच्याच अंगाला जोडणीचा आकडा.

ही वायडीएम-४. वाय म्हणजे मीटरगेज. तीही अल्कोचीच, कंपनीच्या कागदावर तिचं नाव डीएल-५३५. पहिली तुकडी १९६१–६२ च्या सुमारास अमेरिकेतून आली, काही कॅनडातल्या माँट्रियलच्या कारखान्यातून आली आणि पुढे वाराणसीत शेकड्यांनी बनली. ताकद सुमारे १४०० अश्वशक्ती, वजन ७२ टन. लोंढ्याच्या पुढे घाट उतरून गोव्यात जाणाऱ्या मीटरगेजवर याच जातीनं वर्षानुवर्षं गाड्या ओढल्या. तिचा गोतावळा केवढा पसरला आहे ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. वाराणसीची मीटरगेज डिझेलं व्हिएतनाम, म्यानमार आणि मलेशियापर्यंत गेली. अलास्काच्या बर्फातून डोंगर चढणाऱ्या व्हाइट पास रेल्वेची माँट्रियलला बांधलेली डिझेलंही याच डीएल-५३५ कुळातली. मिरजेच्या फलाटावर भडंग खात बसलेल्या माणसासमोर जे इंजिन धडधडत होतं, त्याचे भाऊबंद जगाच्या पार दुसऱ्या टोकाला होते.

बफरची ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या फोटोत रूळ दिसत नाहीत, माणसं पुढे उभी असतात, नंबर कुणाच्या तरी टोपीआड गेलेला असतो. पण बफर दिसतो. दोन दिसले तर ब्रॉडगेज, मधला एक दिसला तर मीटर किंवा नॅरो. मग डब्यांची उंची बघायची, बाजूला उभ्या माणसाच्या खांद्याशी तुलना करायची. मिरजेच्या एका फोटोवरून घरातली तीन माणसं तीन वेगवेगळी इंजिनं सांगतात, ती या दोन प्रश्नांनी ताळ्यावर येतात.

नॅरोगेजच्या बाजूला पंढरपूरची गाडी रिकामी उभी आहे, इंजिन अजून लागलेलं नाही. या लाईनवर आयुष्याचा मोठा भाग वाफेच्या इंजिनांनी काढला, शेवटच्या काळात झेडडीएम जातीची डिझेलं आली. झेड म्हणजे हीच ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज. झेडडीएम-४ मध्ये एक खास गोष्ट होती: बोगीत ओढणाऱ्या आसांबरोबर एक जादा, नुसतं वजन वाटून घेणारा आस. हलके रूळ, कमजोर पूल. एका आसावर जास्त भार पडला तर रूळ टिकत नाहीत. काल्थ्रॉपनं बार्शी लाईट उभारताना आसावरचा भार कमी ठेवण्याचाच विचार केला होता. सत्तर–ऐंशी वर्षांनी चित्तरंजनच्या कारखान्यातल्या माणसांना नॅरोगेजचं डिझेल बनवताना तोच हिशेब करावा लागला. वारीला निघालेल्या माणसाला इंजिनाच्या आसांशी देणंघेणं नव्हतं. पण त्याला पांडुरंगाच्या दारी नेऊन सोडणारी गाडी त्या जादा आसावर तोलली होती, हे मला सांगावंसं वाटतं.

इथून काळात मागे जायचं तर जपून. आबांच्या आधीची पिढी कोल्हापूरच्या स्टेशनवर "मोठं डिझेल" पाहिल्याचं सांगते तेव्हा साल विचारा. १९७१ च्या आधीचं म्हणत असतील, तर ती डब्ल्यूडीएम-२ नव्हती. तिचं चाक त्या रुळांवर बसलंच नसतं. आणखी मागे, १९४३ नंतर वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे निर्वासित आले, तेही याच मीटरगेजवरून. त्या काळाच्या आठवणीत डिझेलचा धूर आला, तर तो नंतरच्या कुठल्या तरी प्रवासातून आत शिरलेला आहे. आठवणी अशाच असतात, एका प्रवासाचं दुसऱ्यात मिसळतं. म्हणून कोणाचा पाणउतारा करायचा नाही, फक्त धागे सुटे करायचे.

हुपरीचा व्यापारी मात्र कोल्हापूर–मिरजेवर थांबला नाही. त्याच्या पेटीबरोबर तुम्हीही मुंबईला चला. रात्री पुण्याला गाडीला हिसका बसतो आणि झोपमोड होते. इथं इंजिन बदलतं. मुंबई–पुणे मार्गावर १९२९–३० पासून विजेची इंजिनं आहेत. त्या तारांमधली वीज तेव्हा १५०० व्होल्टची डीसी होती. पुण्याच्या दक्षिणेला तेव्हा तारा नव्हत्या, तिथं डिझेल. म्हणून पुणं ही दोन जगांमधली हद्द होती, आणि घोरपडीचं डिझेल शेड त्या हद्दीवरचं ठाणं.

पहाटे मुंबईच्या यार्डांतून गाडी हळूहळू जाते. खिडकीतून बाहेर बघा. रुळांच्या जाळ्यात एक ठेंगणं इंजिन वॅगनी ढकलतंय. धूर डिझेलचा, पण चाकांना बाहेरून दांडे आहेत आणि ते वर–खाली फिरताहेत, वाफेच्या इंजिनाला असतात तसे. हुपरीला परत जाऊन हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही ठेवा. मध्य रेल्वेनं १९५४–५५ मध्ये जर्मनीच्या क्राउस-मफाय कंपनीची वीस शंटिंग डिझेलं मुंबईसाठी आणली, डब्ल्यूडीएस-२. तिन्ही आस दांड्यांनी जोडलेले, ताकद ४४० अश्वशक्ती. पण थांबा, लगेच तो निकाल देऊ नका. दांड्यांची आणखी एक जात आहे, चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूडीएस-४, आणि ती कितीतरी जास्त संख्येनं होती. आधी जी जास्त दिसत असे ती गृहीत धरायची, आणि ती खोटी ठरली तरच दुर्मीळ नाव घ्यायचं. उत्साहाच्या भरात हा नियम पहिल्यांदा मोडला जातो, आणि मग साध्या शंटरच्या फोटोखाली भलतंच नाव लागतं.

परतीच्या वाटेवर नेरळला उतरून माथेरानच्या गाडीकडे एक नजर टाका. जर्मनीच्याच युंग कंपनीनं १९५० च्या दशकाच्या मध्यात दोन फुटी रुळासाठी बांधलेली डिझेलं, एनडीएम-१. एन म्हणजे ६१० मिलिमीटर. महाराष्ट्राच्या मातीत डब्ल्यू, वाय, झेड, एन या चारही मापांची डिझेलं धावली आहेत.

आणि १७००० ते १७०९९? त्यासाठी पूर्वेला जावं लागेल, कोळशाच्या आणि लोखंडाच्या मुलखात. अल्कोची शंभर डब्ल्यूडीएम-१ इंजिनं १९५७ पासून आली, १९५० अश्वशक्तीची. एका टोकाला गोलसर, उतरतं तोंड, दुसरं टोक सपाट. चांदीचा माल घेऊन बंगाल–बिहारकडे गेलेल्या कुणी "खरंखुरं नाक असलेलं" डिझेल आठवलं, तर तो माणूस बहुधा याच इंजिनाबद्दल बोलतोय. उत्तरेकडे आणखी एक होतं. अल्कोच्या डब्ल्यूडीएम-२ बरोबरच १९६२ मध्ये जनरल मोटर्सची बहात्तर इंजिनं आली, डब्ल्यूडीएम-४. ताकद तीच, २६०० अश्वशक्ती. इंजिन म्हणून ते उत्तम होतं. १९६९ मध्ये हावडा–दिल्ली राजधानी सुरू झाली ती त्याच्यामागे. पण तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली आणि जनरल मोटर्स झाली नाही. तेवढ्यावर पुढच्या काही दशकांचा निकाल लागला. खुद्द अल्कोनं १९६९ मध्ये इंजिनं बांधणं बंद केलं, पण तिचा आराखडा वाराणसीत जगला आणि वाढला. अमेरिकेतल्या कारखान्याला कुलूप लागल्यावर चौदा वर्षांनीही तो अडखळता ठोका तुम्ही हातकणंगल्याला ऐकलात, तो या कारणानं.

तो ठोका बदललेला ऐकायचा असेल तर शेवटची एक उडी घ्या, २००१ च्या पुढे, पुन्हा मिरजेला. मीटरगेज गेली आहे. लोंढ्याकडेही मोठी लाईन झाली आहे. हुबळीच्या शेडमध्ये १९९९ पासून जनरल मोटर्सच्या नव्या जातीची इंजिनं येऊ लागली, आधी मालगाडीची डब्ल्यूडीजी-४, मग २००१ मध्ये प्रवासी गाड्यांची डब्ल्यूडीपी-४. ती फलाटाला लागतात तेव्हा ठोका अडखळत नाही. एक सलग, खोल घुमणारा आवाज, पायाखालच्या फरशीतून वर येणारा. सुटताना काळा लोट नाही. पलीकडच्या रुळावर पुणे शेडची डब्ल्यूडीजी-३ए उभी आहे, अल्को घराण्यातली, ३१०० अश्वशक्तीची, शिंदवणे आणि आदर्कीचे चढ चढून आलेली. डोळे मिटलेत तरी दोन्ही घराणी वेगळी ओळखता येतात. एके काळी ज्यांनी तंत्रज्ञान दिलं नाही, त्यांचंच इंजिन अखेर वाराणसीत बनू लागलं. चांगलं इंजिन आलं यात वाद नाही. पण त्या अडखळत्या ठोक्यावर वाढलेल्या माणसांना तो आवाज परका वाटला, हेही मिरजेच्या जुन्या मंडळींकडून ऐकायला मिळतं आणि ते समजण्यासारखं आहे.

आता तुमच्या स्वतःच्या काळात या. हातकणंगल्यावर तारा आल्या आहेत. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर–पुणे वंदे भारत धावते, आणि तिला वेगळं इंजिनच नाही. पुढे काय लागलं आहे हा प्रश्न त्या गाडीपुरता संपला. डब्ल्यूडीएम-२ आणि वायडीएम-४ ची बहुतेक इंजिनं भंगारात गेली. पहिली डब्ल्यूडीएम-२, नंबर १८०४०, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. नॅरोगेजचा काळ बघायचा असेल तर नागपूरला मोतीबागेचं संग्रहालय आहे. तिथं इंजिन मिळेल, पण मिरजेच्या मीटरगेज फलाटावर १९९० च्या एखाद्या सकाळी कोणता नंबर उभा होता, हे मिळणार नाही. ते तुमच्याकडेच असेल, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या किंवा वारीच्या फोटोत, पाहुण्यांच्या मागे अर्धवट आलेलं.

तो फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा: स्टेशन कुठलं, गाडी कुठून कुठं निघाली होती, साल अंदाजानं का होईना, आणि ते साल कशावरून ठरवलं. नंबराचे दोनच आकडे दिसत असतील तर दोनच लिहा, उरलेले मनानं भरू नका. शेडचं नाव केबिनच्या बाजूला असेल तर भिंगातून बघा. बफर एक की दोन, ते लिहा. आणि मिरजेत, कुर्डुवाडीत, पुण्यात ज्यांनी ही इंजिनं चालवली, त्यांच्या बोग्या उघडून दुरुस्त केल्या, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. फोटो घेऊन त्यांच्याकडे जा. पुढच्या वर्षी नको, याच दिवाळीच्या सुटीत जा.